घट्ट म्हणजे किती?

मोकाशी भाऊजींसमोर ‘घट्ट’ हा शब्द उच्चारायची सोय नाही. एकदा लिफ्टमध्ये मी मुलाला सहज म्हणाले, “अरे, बुटाची नाडी घट्ट बांध.” झालं! भाऊजींनी लिफ्टचं दार पायाने अडवलं.

“घट्ट म्हणजे किती, वहिनी?”

मग खाली बसून त्यांनी नाडी सोडली आणि आत बोट जाईल एवढी जागा ठेवून पुन्हा बांधली. मुलगा ओरडतोय, “अंकल, आय ॲम लेट!” स्कूलबस गेली. शारजाच्या ट्रॅफिकमधून दुबईत ऊद मेथाच्या शाळेपर्यंत गाडी हाकताना मी मनातल्या मनात भाऊजींना जे काही म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भाऊजी आमचे शेजारी. पाइपलाइनच्या कंपनीत आहेत. पाइपांचे बोल्ट नीट आवळलेत की नाही, हे तपासणं एवढंच त्यांचं काम. त्यांच्याकडे एक पाना आहे, ठरलेल्या मापाला तो ‘टक्’ करतो. “टक् झालं की खलास! सैल राहिला तर गळणार, जास्त पिळला तर तुटणार.”

हे बोल्टपुरतं असतं तर ठीक होतं. पण आमच्या ढोलपथकाचा ढोल एसी हॉलमध्ये खणखणीत वाजायचा आणि पार्किंगमध्ये आणला की त्याचा आवाज बसायचा. आम्ही वाजवणाऱ्यांना बोल लावत होतो. भाऊजींनी चामड्याच्या पानावर टिचकी मारली. “बाहेरची दमट हवा लागतेय त्याला. यल्ला, चला, अर्धा तास इथेच ठेवा, मग ताणा.” तसं केलं, आणि ढोल असा घुमला की वॉचमन धावत आला.

माझ्या नवऱ्याच्या हनुवटीला टाके पडले, तेव्हाही भाऊजी सोबत होते. डॉक्टरांना विचारतात, “टाका कितना खींचते हो?” डॉक्टरही हौशी निघाले. जास्त ओढला तर कातडीचं रक्त अडतं, कमी ओढला तर जखम जुळत नाही, असं सगळं समजावत बसले. नवरा तसाच टेबलावर! भाऊजी बाहेर आले ते खूश होऊन. “बघा वहिनी, त्यांचंही आमच्यासारखंच!” आता या माणसावर रागवायचं तरी कसं? मला तर त्यांचं भारी कौतुक वाटतं.

मग त्यांच्या बायकोच्या, सुनंदावहिनींच्या, बोटांना संधिवाताने धरलं. मूलबाळ नाही, भाऊजी दिवसभर साइटवर. पुण्याची बहीण मागे लागली, “इकडे ये, हाताखाली बाई मिळेल.” वहिनींनी तिला निक्षून सांगितलं, “माझ्या घरातला डबा मला उघडेनासा झाला की येईन. तोवर नाही.”

भाऊजी ते ऐकून घाबरले. एवढ्या धीराचा माणूस, पण चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींच्या हाताचा जोर चक्क मोजला. तेव्हापासून रोज साइटवर निघण्याआधी चहा, मसाला, लोणचं, डाळी, एकेक झाकण त्या जोराला उघडेल अशा मापाचं बसवून जातात. हात आणखी दुखायला लागला, की माप कमी करतात. अकरा वाजता फोन ठरलेला. “उघडलं?” “उघडलं.” बिल्डिंगमध्ये आम्ही सगळ्या हसायचो. मीसुद्धा.

मी घरूनच काम करते. परवा अकराच्या सुमारास विरजण मागायला गेले, तर वहिनी चहाची बरणी छातीशी धरून उभ्या. झाकण नुसतं टेकवल्यासारखं, तरी फिरत नव्हतं. बोटं लालभडक. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी कोपराने स्पीकर लावला.

“उघडलं?”

“उघडलं हो. चहा उकळतोय.”

गॅस बंद होता.

“माप जरा कमी करू का?”

“काही नको. आज तर सैलच होतं.”

फोन बंद झाल्यावर त्यांनी बरणी माझ्यापुढे धरली. “नीता, यांना कळू देऊ नकोस गं. मला पुण्याला पाठवतील. आणि मी गेले तर हा माणूस इथे एकटा कसा राहील?”

मी बरणी उघडली, गॅस पेटवला.

आता मी रोज पावणेअकराला जाते. म्हणजे फोन येतो, तेव्हा चहा खरंच उकळत असतो.