रामटेके सिस्टरचा राउंड

आमच्या भागात एक पोलीस ठाणं आहे. नाव सांगत नाही, कारण मुलाच्या पासपोर्टची पडताळणी अजून तिथेच अडकली आहे. या ठाण्यात दर मंगळवारी सकाळी शर्टांची बटणं लागतात, टेबलाखाली मोकळे सोडलेले पाय बुटांत जातात आणि दारातला शिपाई आत वळून हळूच सांगतो, "सिस्टर आल्या." वरिष्ठ साहेबांच्या तपासणीलाही एवढी धावपळ होत नाही. साहेब निदान आधी फोन करतात.

सिस्टर म्हणजे वत्सला रामटेके. आमच्या समोरच्याच घरात राहतात. शहराच्या या टोकाला प्लॉट पाडलेले लेआउट संपतात आणि तुरीची वावरं लागतात, तिथे निवृत्तीनंतर त्यांनी छोटं घर बांधलं. जन्मभर सरकारी इस्पितळात वॉर्ड सांभाळला. लग्न केलं नाही. नोकरीत पांढऱ्याशिवाय काही नेसता आलं नाही, त्याचा सूड म्हणून आता जांभळ्या, शेंदरी, पोपटी साड्या नेसतात. त्या गल्लीत शिरल्या की आधी रंग दिसतो, मग सिस्टर दिसतात. खांद्याला एक पिशवी, आणि पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र.

त्यांना ठाण्यात शिरायला वाट करून दिली ती ठाणेदारांनीच. पोलिसांच्या कामावर नागरिकांचंही लक्ष असावं, असा वरून काहीसा हुकूम आला होता. ठाणेदारांनी नागरिकांची समिती केली. त्यात मी होतो, कारण मी लेआउटचा सचिव. प्लॉट विकणारे चिंचोळकर होते, कारण ते जिथे तिथे असतात. आणखी दोनचार जण होते. एक बाई हवी होती, म्हणून सिस्टरांना घेतलं. बाई मिळाली म्हणून ठाणेदारांना फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं पहिल्या बैठकीपर्यंतच टिकलं.

लक्ष ठेवणं म्हणजे ठाणेदारांच्या थंडगार खोलीत बसून आलूबोंडे खाणं आणि शेवटी फोटो काढणं, अशी आम्हा पुरुष सभासदांची प्रामाणिक समजूत होती. पहिल्या बैठकीत बोंड्यांच्या बशा आल्या, तेवढ्यात काचेतून सिस्टरांना बाहेर एक बाई उभी दिसली. सिस्टर उठून बाहेर गेल्या आणि तिला विचारलं, "कवापासून उभी आहे वं तू?" ती म्हणाली, सकाळपासून. तक्रार लिहून घेणारा साहेब जेवायला गेलाय आणि बसायला काही नाही. सिस्टर आत आल्या, स्वतःची गादीची खुर्ची उचलून बाहेर नेऊन ठेवली आणि परत येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आता बाई माणूस उभं असताना ठाणेदार कसे बसणार? ते उठले. ठाणेदार उठल्यावर आम्ही कसे बसणार? समितीची पहिली बैठक उभ्यानं झाली. उभ्यानं आलूबोंडा खाताना चटणी शर्टावर सांडते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. पुढच्या बैठकीपर्यंत बाहेर बाकडी आली होती.

मग मंगळवारचा राउंड सुरू झाला. तसा कुठे नियम नव्हता. पण नियम दाखवा असं सिस्टरांना म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. बायकांचं स्वच्छतागृह कुलूपबंद का, असं त्यांनी विचारलं. आत जप्त केलेले लाउडस्पीकर ठेवलेत, असं कळलं. सिस्टर म्हणाल्या, हे नॉर्मल नाही. हा त्यांचा ठरलेला शेरा. ताप असो, तुंबलेली मोरी असो की ठाणेदारांचा आवाज चढलेला असो, त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार होते, नॉर्मल आणि नॉर्मल नाही. लाउडस्पीकर ठाणेदारांच्या खोलीत हलवले गेले आणि पुढचे काही दिवस साहेब दोन भोंग्यांच्या मधोमध बसून कारभार करत होते.

राउंड संपला की त्या रक्तदाब तपासत. रांगेनं. ठाण्याची लिखापढी करणाऱ्या मुन्शीला मीठ बंद केलं, एका जाड्या शिपायाला पायी घरी जायला लावलं. ठाणेदारांच्या दंडाचा पट्टा सोडला तेव्हा नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुमी आज कोनावर ओरडू नका." साहेब खरंच ओरडले नाहीत. ठाण्याला वाटलं, बदली झाली.

सणांच्या दिवसांत गर्दी सांभाळायला पोलीस मित्र नेमायचे होते. जॅकेट आणि शिट्टी मिळणार, पगार नाही. तरी उमेदवारांची झुंबड उडाली, कारण मोटारसायकलवर 'पोलीस' लिहायची सगळ्यांना हौस. निवड समितीनं करायची होती. चिंचोळकरांचा साळा पहिल्या खुर्चीत बसला. त्याची निवड झाल्यातच जमा होती, नुसतं विचारल्यासारखं करायचं होतं. सिस्टरांनी विचारलं, शिट्टी दिली तर कधी वाजवशील? त्यानं उलट विचारलं, "मॅडम, शिट्टीसंगं काठी भेटन का?" सिस्टरांनी त्याला घरी पाठवला. चिंचोळकरांनी नंतर मला एका बाजूला घेऊन सांगितलं, की ही बाई आपल्या समितीचं वाटोळं करून राहिली. मी मान हलवली. माझी मान कोणाकडेही हलते. त्याशिवाय कोणाला सचिव होता येत नाही.

पण तो बिघाड किरकोळ होता. खरा बिघाड झाला बोरकर हवालदारामुळे.

बोरकर म्हणजे ठाण्यातला सगळ्यात लाडका माणूस. झुपकेदार मिशा, मोठं पोट आणि त्याहून मोठा आवाज. कोणाची गाय हरवो, कोणाचा जावई दारू पिऊन नाल्यात पडो, लोक बोरकरलाच बोलावत. सिस्टरांचंही त्याच्याशी बरं जमायचं. त्या आल्या की तो उठून सलाम ठोकायचा आणि स्वतःच हाताची बाही वर करून बसायचा.

त्या मंगळवारी तो बंदोबस्तावरून थेट ठाण्यात आला होता, डोळे लाल झालेले. सायकल चोरीला गेलेला एक म्हातारा पुन्हा चौकशीला आला होता. याआधी बऱ्याचदा येऊन गेला होता. बोरकर त्याला जा म्हणाला. म्हातारा तिथेच घुटमळला. बोरकरनं त्याचा दंड धरून त्याला दाराबाहेर ढकललं. म्हातारा पायऱ्यांवरून खाली गेला आणि मनगटावर पडला.

सिस्टर आत मुन्शीच्या दंडाला पट्टा बांधत होत्या. खिडकीतून त्यांनी सगळं पाहिलं. पट्टा तसाच सोडून त्या बाहेर आल्या, म्हाताऱ्याचा हात गळ्यात बांधला आणि ऑटोत घालून त्याला इस्पितळात घेऊन गेल्या. मुन्शी पट्टा बांधलेल्या हातानं दुपारपर्यंत तसाच लिहीत बसला होता. सोडायची हिंमत झाली नाही, म्हणाला.

हाड मोडलं होतं. संध्याकाळी घाईघाईनं समिती बसली. बोरकर माणूस चांगला आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. चिंचोळकरांनी तर त्याच्या चांगुलपणाचे दाखलेच दिले. म्हाताराही जाऊ द्या म्हणत होता. ठाणेदार म्हणाले, आपसात मिटवून टाकू. सिस्टर म्हणाल्या, "चांगला आहे हे मले बी माहीत आहे. चांगल्यानं ढकललं तरी हाड तं मोडतेच नं. बाहेर उभ्या असलेल्या मानसानं कोनाच्या भरोशावर आत याचं?"

दुसऱ्या दिवशी त्या सदरला, पोलिसांच्या मोठ्या कचेरीत जाऊन वरच्या साहेबांना भेटल्या. बोरकर सस्पेंड झाला आणि चौकशी लागली.

त्यानंतर ठाण्यात सिस्टरांकडे कोणी हात पुढे करेना. राउंड चालूच होता. त्या यायच्या, बाकडी पाहायच्या, स्वच्छतागृह पाहायच्या, यंत्र काढून टेबलावर ठेवायच्या. पोलीस फायलींत डोकं घालून बसायचे. थोडा वेळ थांबून सिस्टर यंत्र पिशवीत ठेवायच्या आणि चालू लागायच्या. लेआउटमध्येही कुजबुज सुरू झाली. उद्या चोर आले तर या बाईमुळे पोलीस येणार नाहीत, असं चिंचोळकर घरोघर सांगत फिरले. आमची ही म्हणाली, पासपोर्टचं आता विसरा.

त्यातच रोज दिवस कलताना सिस्टर पिशवी घेऊन कुठेतरी जायला लागल्या. शेअर ऑटोनं जायच्या, दिवेलागणीला परत यायच्या. चिंचोळकरांच्या मते त्या बोरकरविरुद्ध आणखी माणसं गोळा करत होत्या.

शेवटी चिंचोळकर म्हणाले, आपण बोरकरला भेटून येऊ, आम्ही तुझ्याबरोबर आहोत असं सांगू, आणि त्या बाईबद्दल दोन शब्द बोलू. संत्राबर्फीचा डबा घेऊन आम्ही दोघं नंदनवनला गेलो. बोरकर तिथे आईसोबत भाड्यानं राहायचा. त्यानं दार उघडलं. मिशांचा ताठा उतरला होता. चिंचोळकरांनी चप्पल काढता काढताच सुरुवात केली, की बाप्पा, त्या बाईनं तुझ्यासारख्या माणसाचं...

बोरकरनं त्यांना हातानं थांबवलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

आत पलंगावर एक वाळकी म्हातारी बसली होती. खाली पाटावर शेंदरी साडी होती. म्हातारीचा पाय मांडीवर घेऊन सिस्टर जखम धूत होत्या. म्हातारी त्यांना शिव्या देत होती. माझ्या पोराची नोकरी खाल्ली, तुझं वाटोळं होईल, तुला मुंग्या लागतील, असं बरंच काही. सिस्टर मान खाली घालून ऐकत होत्या आणि मध्येच सांगत होत्या, पाय हलवू नको. म्हातारी पाय हलवायचं थांबवायची, शिव्या चालू ठेवायची.

बोरकरनं आम्हाला बाहेर बसवून हळू आवाजात सांगितलं. आईला साखर आहे, पायाची जखम भरत नव्हती. सिस्टर केव्हापासून त्याला आईला दाखव म्हणत होत्या. ड्यूटीतून त्याला जमलं नाही. सस्पेंड झाल्यावर त्या स्वतःच आल्या. पहिल्या दिवशी त्यानं तोंडावर दार लावलं. त्या पायरीवर बसून राहिल्या. शेवटी आईनंच विचारलं, कोन आहे म्हून. सिस्टरांनी बाहेरूनच सांगितलं, तुझ्या पोराची तक्रार करणारी मीच आहे, पाय दाखव. तेव्हापासून आई रोज शिव्या देते आणि रोज पाय पुढे करते. "माह्यानं होत नाही ते," बोरकर म्हणाला. इतकी वर्षं त्यानं मुडद्यांचे पंचनामे केले होते, पण आईची जखम उघडली की तो भिंतीकडे तोंड करायचा.

चिंचोळकरांनी खालच्या आवाजात विचारलं, मग ती चौकशीत तुझ्याविरुद्ध बोलणार नाही ना?

उत्तर आतून सिस्टरांनीच दिलं. "बोलनार. त्याच्या समोर बोलनार. तो बी ऐकून घेईन." बोरकरनं मान खाली घातली आणि हो म्हणाला.

मग सिस्टर हात पुसत बाहेर आल्या, आमच्याकडे पाहिलं, बर्फीच्या डब्याकडे पाहिलं. साखर असलेल्या बाईच्या घरी हे कोणी आणलं, असं त्यांनी विचारलं. आम्ही डबा उचलला आणि निघालो.

चौकशीत सिस्टर सगळं बोलल्या, जसं पाहिलं तसं. बोरकरनं नाकारलं नाही. त्यानं म्हाताऱ्याची सर्वांसमोर माफी मागितली, त्याची वेतनवाढ थांबली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ठाण्यात त्याला परत कामावर घेतलं. आमच्या ठाण्यात मुन्शीनं सगळ्यात आधी बाही वर केली. मग बाकीच्यांनी केल्या.

म्हातारीची जखमही भरली. सिस्टरांची संध्याकाळ मोकळी झाली. ती त्यांना सोसली नाही. पाण्याची टाकी कोण धूत नाही, गल्लीतल्या कुत्र्यांना कोण शिळं टाकतं, यावर त्या रोज मला फाटकाशी गाठायला लागल्या. सूर्य कलला की पिशवी खांद्याला लावून अंगणात यायच्या, थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि आत जायच्या.

अशाच एका संध्याकाळी मी झाडांना पाणी घालत असताना त्यांच्या फाटकाशी मोटारसायकल थांबली. बोरकर होता, मागे आई. म्हातारी उतरली आणि लंगडत फाटकातून आत गेली. पाय पुन्हा दुखून राहिला, म्हणून तिनं मोठ्यानं सांगितलं, आणि तुझ्याच हातगुणानं दुखतोय, असंही जोडलं.

जखम डाव्या पायाला होती. म्हातारी उजव्यानं लंगडत होती.

सिस्टरांनी तिला व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली बसल्या आणि तो उजवा पाय मांडीवर घेतला. टाचेपासून बोटांपर्यंत दाबून पाहिला. तळवा उजेडाकडे वळवून पाहिला. एकेक बोट सोडवून पाहिलं. बराच वेळ लागला. म्हातारी शिव्या देत होती. बोरकर फाटकाशी उभा राहून मोटारसायकलचा आरसा पुसत होता, पुसलेला पुन्हा पुसत होता.

मग सिस्टरांनी पिशवीतून कापूस आणि पट्टी काढली आणि त्या धडधाकट पायाला घोट्यापर्यंत नीट, एकही वळी न पडता, पट्टी बांधली.

"उद्या नको," त्या म्हणाल्या. "परवा घेऊन या हिले. पट्टी बदलावी लागन."