कॉनर सरांचे सव्वा मूठ गहू

आमच्या ब्राह्मणपुरीत रस्त्यात कुणी "कथा चालनात?" असं विचारलं, की कुठे चाललो ते खरंखुरं सांगायचं नसतं. "आठेच", म्हणजे इथंच, म्हणायचं आणि पुढं सरकायचं. कॉनर सरांना हे तीन वर्षांत कुणी सांगितलं नाही. सांगून गावाची करमणूक कोण घालवणार?

"इचारं म्हणीसन सांगस," विचारलंत म्हणून सांगतो, असं म्हणून ते सायकलवरून उतरतात, स्टँड लावतात आणि सुरू करतात. "दूध लेवाले चालनू. अर्धा लिटर. मंग केस कापाना शेतस. मंग साबन सरी गया, तो लेना शे." पारावरची म्हातारी मंडळी साबणाचा रंगसुद्धा विचारून घेतात. सर तोही सांगतात. तोवर दूधवाला निघून गेलेला असतो.

सर आयर्लंडचे. वय पंचावन्नच्या पुढं, उंची आमच्या दारांपेक्षा चार बोटं जास्त, त्यामुळं कपाळाला बारमाही टेंगूळ. आमच्या शाळेत एक वर्ष इंग्रजी शिकवायला म्हणून आले आणि राहिलेच. शाळेच्या आवारातली एक खोली त्यांना दिलीय. मी तिथंच विज्ञान शिकवते. पुस्तकी मराठी त्यांना मी शिकवली, अहिराणी त्यांनी गावाकडून परस्पर उचलली, आणि आता दोन्हींची मिसळ करून माझ्याच चुका काढतात.

गावातला एकही कार्यक्रम सर चुकवत नाहीत. लग्न, बारसं, दहावा, कुणाच्या नव्या ट्रॅक्टरची पूजा, सगळीकडे सर हजर. वरातीत बँड वाजायला लागला, की वाजंत्री दमतात, सर दमत नाहीत. लग्नात मानाचं टोपी-टॉवेल-नारळ मिळतं, त्यातल्या टोप्यांनी त्यांच्या खोलीतली एक अख्खी दोरी भरलीय. रोज एक टोपी घालून शाळेत येतात.

पहिल्या वर्षी त्यांच्या हातात लग्नाची पहिली पत्रिका पडली, तेव्हाची गोष्ट. सर चिंतेत माझ्याकडे आले.

"मॅडम, इथं सहकुटुंब सहपरिवार लिहिलंय. मी एकटा कसा जाऊ?"

मी घाईत होते. "या हो कुणाला तरी घेऊन," म्हणून मोकळी झाले. सरांनी आठवीचा अख्खा वर्ग नेला, रांगेत. मुलीच्या बापानं कपाळाला हात लावला, मग आचाऱ्याला आणखी कणीक भिजवायला सांगितली. वरण-बट्टीच्या त्या पंगतीत सर पोरांना तूप वाढत फिरत होते. इतका खूश माणूस मी त्या लग्नात दुसरा पाहिला नाही, नवरदेव धरून.

एकाच प्रश्नाला मात्र सर सरळ उत्तर देत नसत. "घर कोन कोन शे?" असं कुणी विचारलं, की ते म्हणायचे, "तिकडं पाऊस फार." आणि साबणाकडं वळायचे. आम्हीही हसून सोडून द्यायचो.

आता कानबाईबद्दल, म्हणजे आमच्याकडच्या देवीबद्दल, सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई बसते. त्यासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू मोजायचे, दळायचे आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. पुरणपोळी, खीर कुणालाही वाढा, पण रोटाचा तुकडा बाहेर जाता कामा नये. पहिल्या वर्षी सर नारळ घेऊन आले, पोटभर जेवले आणि रोटाकडं बघत बसले. माझे सासरे, आबा, यांनी समजावलं, "सर, देवीना नियम शे." दुसऱ्या वर्षी सरांनी दारातूनच विचारलं, "आबा, यंदा?" आबांनी मान हलवली. सर हसले, पण त्या दिवशी खीर त्यांनी एकच वाटी घेतली.

यंदा शनिवारी मी चक्कीवर नंबर लावायला गेले. कानबाईच्या आधी चक्की झाडूनपुसून फक्त रोटाचे गहू दळतात, त्यामुळं ही रांग. रांगेत सगळ्यांच्या डोक्यावरून सरांची टोपी दिसत होती. हातात धुतलेला रुमाल, रुमालात छोटीशी गाठ.

चक्कीवाला हात जोडून सांगत होता, "सर, इतलासा गहू ते दगडलेच चिकटी जाई. पीठ बाहेर येत नही."

सगळी रांग हसत होती. सरही हसत होते. मला बघून त्यांनी गाठ पुढं केली. "मॅडम, घरात पुरुष एक. म्हणून सव्वा मूठ. हिशोब बरोबर आहे ना?"

"सर, घरी कुणीच नाही?"

"इचारं म्हणीसन सांगस," ते म्हणाले. स्टँड लावायला सायकलही नव्हती. "आई होती. ती गेली, मग मी इकडं आलो."

"द्या ती गाठ इकडं," मी म्हणाले.

घरी येऊन मी आबांपुढं रुमाल ठेवला आणि सगळं सांगितलं. आबांच्या आधी माझी सासूच बोलली.

"मन्हा पाय मोडना तवय दवाखानामां आठ दिन कोन बसेल व्हतं? तुमना भाऊबंद का सर?"

आबांनी चहा संपवला, सूप पुढं ओढलं आणि मोजायला बसले. स्वतःचं नाव, भावांची, मुलांची, पुतण्यांची, नातवांची. मग रुमालाची गाठ सोडली. "कॉनर सर," असं खणखणीत म्हणून मूठ भरली. सरांची मूठ मोठी, आबांची लहान, त्यामुळं थोडे गहू उरले. आबांनी रुमाल झटकून तेही सुपात टाकले.

चौदा वर्षं मी या घरात रोट भाजतेय, माझ्या नावाची मूठ काही पडलेली नाही. हे मी तिथंच बोलून दाखवलं. सासू म्हणाली, "आपुन बनाडतस. आपले मोजाले कोन लागस?" मग मला म्हणाली, "उद्या तूच जाय, सरले बलाई आन."

रविवारी मी त्यांना आणायला गेले. रोटाचं सांगितलं, तशी सरांनी दोरीवरची सगळ्यात नवी टोपी घातली. पारापाशी आलो तशी मंडळी सरसावून बसली.

"कथा चालनात, सर?"

"घर जास," सर म्हणाले आणि चालू लागले.

पारावर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. एक म्हातारा शाळेकडं हात दाखवत मागून ओरडला, "अहो सर, तुमनी खोली ते तथा शे!"

सरांनी मागं न बघता हात हलवला. इतके भराभर चालले होते, की मला अक्षरशः पळावं लागलं.