कुमुदताईची प्रजाती

माझी थोरली बहीण कुमुदताई गेल्या आठवड्यात पतंगांच्या एका प्रजातीत समाविष्ट झाली. चूक तिचीच म्हणायची. दिवेलागणीला वर्गीकरण कार्यालयाची माणसं आमच्या गच्चीवर पांढरी चादर टांगून, तिच्यामागे दिवा लावून बसली होती. ताईला वाटलं, ही आपलीच वाळत घातलेली चादर. ती काढायला गेली. आणि नियम असा आहे की, उजेडाच्या चादरीवर येऊन टेकेल तो पतंग.

प्रजातीही नशिबाला अशी आली, की जिचा कुणी धड अभ्यास केलेला नाही. कार्यालयात तिचा एकुलता एक नमुना होता, तो किड्यांनी खाल्ला. प्रजाती टिकवायची तर टाचणी टोचलेला एक नमुना पेटीत हवाच. 

बोलावणं आलं, तसे आम्ही दोघं गेलो. हुदार नावाचे अधिकारी फार सौम्य होते. त्यांनी ताईला पाणी दिलं.

"साहेब, या बाई शाळेत भूगोल शिकवतात," मी म्हणालो. "यांना पंखसुद्धा नाहीत."

"माद्यांना नसतात," हुदार म्हणाले. "बऱ्याच पतंगांत नसतात."

"काहीच करता येणार नाही का?"

"येईल की. नर मिळाला तर बाईंना लगेच सोडू. नमुन्याला नर केव्हाही बरा."

"तो कुठे मिळायचा?"

"सख्खा भाऊ चालतो," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यांकडे बघत राहिले. "आपण यांचे कोण?"

मी खुर्चीला पाठ घट्ट टेकवली. मला बोलायचं होतं, खरंच बोलायचं होतं.

"शेजारी आहेत," ताई म्हणाली. "मला एकटीला यायची धास्ती वाटत होती, म्हणून आले सोबत."

हुदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"मग तुम्ही बाहेर थांबा."

ताईनं पर्स माझ्याकडे दिली, मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. शिपायानं आतलं दार उघडलं, तसा डांबरगोळ्यांचा वास आला.

"येते हं, भाऊजी," ती म्हणाली.

"सावकाश जा, वहिनी," मी म्हणालो.