लाकडी बॅटरीला पूर्ण गुण

माल्टन परिसर पेनरोज-मालक मंडळाचा चिटणीस या नात्याने, आमचे सभासद क्लिफर्ड अॅक्रॉइड यांच्या गाडीच्या बॅटरीबद्दल गावात जे काही बोललं जातंय त्याचा खुलासा करणं मला भाग आहे. बॅटरी सुखरूप आहे. नवी असतानाही ती इतकी सुखरूप नव्हती.

पेनरोज ही दोन आसनांची, कापडी टपाची जुनी स्पोर्ट्स कार. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला, पण जाता जाता एक करामत करून गेला. त्याने बॅटरी आसनांच्या मागे, गालिच्याखाली, तळ उघडा असलेल्या पिंजऱ्यात बसवली. मागची चाकं रस्त्यावरचं पाणी उडवतात आणि ते थेट बॅटरीला अंघोळ घालतं. बारमाही पावसाच्या यॉर्कशरमध्ये विकायच्या गाडीत हे करायला छाती लागते. आम्हाला त्या कारखान्याबद्दल नितांत आदर आहे.

प्रकरण सुरू झालं ते एप्रिलमध्ये. रविवारचं जेवण पबमध्ये उरकून क्लिफर्ड आणि त्यांच्या पत्नी बेरिल परतत होते. सर आली, वाटेत एक डबकं लागलं आणि गाडी बंद पडली. गालिचा उचलून पाहिलं तर बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरी बुरशी आणि खाली तळं. कापडी टप गळत होता, म्हणून बेरिलबाई गाडीच्या आत छत्री उघडून बसल्या होत्या.

"क्लिफर्ड, हिचं काहीतरी कर बाबा," त्या म्हणाल्या. "सप्टेंबरमध्ये लग्नाला पन्नास वर्षं होतायत. मला ह्याच गाडीतून समुद्रावर, फाइली गावाला जायचंय, मधुचंद्राला गेलो होतो तसं. आणि माझे गुडघे बघतोयस ना? एवढ्या खाली बसणं ह्या वर्षी जमेल. पुढच्या वर्षीचं मी सांगत नाही."

क्लिफर्डनी त्याच संध्याकाळी नाताळचा केक ठेवायचा प्लास्टिकचा डबा कापला, उलटसुलट करून बॅटरीच्या पिंजऱ्याखाली बसवला आणि तारेने आवळला. टोकांना चांगलं बोटभर ग्रीस फासलं. आठवडाभर धो धो पावसात गाडी चालवली. एक थेंब आत गेला नाही. सामान्य माणसांच्या जगात ही गोष्ट इथेच संपली असती.

पण मे महिन्यात आमचं वार्षिक प्रदर्शन असतं. त्यात गाडी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी आहे का, याचे गुण मिळतात. आमचे अध्यक्ष नॉर्मन थ्वेट हे मुख्य परीक्षक. ते काठीला आरसा बांधून प्रत्येक गाडीच्या पोटाखाली बघतात. क्लिफर्डच्या गाडीखाली बघून ते बराच वेळ उठलेच नाहीत. आम्हाला वाटलं, कंबर धरली.

"अॅक्रॉइड, हे काय आहे?"

"डबा आहे. बॅटरीला पाणी लागू नये म्हणून."

"कारखान्याने डबा दिला होता?"

"नाही. कारखान्याने पाणी आत यायला भोक दिलं होतं."

"मग भोक मूळचं आहे, पाणी मूळचं आहे," थ्वेट शांतपणे म्हणाले. "डबा तेवढा उपरा आहे."

क्लिफर्डचे इतके गुण गेले की ज्या गाडीला दारच नव्हतं तीही त्यांच्या पुढे गेली. तिचं दार हरवलं होतं, पण जे होतं ते मूळचं होतं. क्लिफर्डचा चेहरा पाहवेना. त्यांनी तिथेच गवतावर आडवं होऊन डबा काढला. माणूस मोडेल पण मंडळाबाहेर जाणार नाही, असे सभासद आता दुर्मीळ झालेत.

तरीही मंडळ निर्दयी नाही. आम्ही तातडीची सभा बोलावली. चहा-बिस्किटं झाल्यावर ठराव झाला की, पाण्यापासून बचावासाठी गाडीला काही जोडता येत नसेल, तर पाण्यालाच गाडीपासून लांब ठेवावं. यापुढे पेनरोज फक्त कोरड्या रस्त्यावर चालेल. कोरडा रस्ता म्हणजे काय, यावर वाद झाला. शेवटी असं ठरलं की, गाडी निघण्याआधी दुसऱ्या साध्या गाडीने पुढे जाऊन रस्ता पाहून यावं.

अॅक्रॉइडांकडे साधी गाडी होती. ती बेरिलबाई चालवायच्या. त्यामुळे जूनपासून नवराबायकोच्या सहली अशा होऊ लागल्या की बेरिलबाई पुढे, डबकी शोधत, आणि क्लिफर्ड मागे, त्यांच्या फोनची वाट बघत.

"बॅटनच्या वळणावर कुणीतरी बाग शिंपतंय, पाणी रस्त्यावर आलंय," बेरिलबाई फोनवर सांगायच्या.

"मग मी परत फिरतो."

"आणि मी?"

"तू जेवून ये ना. मला एक सँडविच आण."

जुलैमध्ये थ्वेटांनी दवाचा प्रश्न उपस्थित केला. दव म्हणजे पाणीच. म्हणून सकाळ बंद झाली. संध्याकाळी धुकं येतं, म्हणून संध्याकाळ गेली. दुपारी रस्त्यावर गर्दी असते, आणि गर्दीतल्या गाड्यांच्या खालून काय गळत असेल ते कुणी सांगावं? गाडी गॅरेजमध्ये राहिली. पण गॅरेजलाही ओल असते. मग क्लिफर्डनी गाडीसाठी पारदर्शक फुग्यासारखा तंबू आणला, त्यात रात्रंदिवस पंख्याने हवा खेळवली. शेजारीपाजारी मुलं घेऊन बघायला यायची. गाडी काचेच्या बरणीतल्या लोणच्यासारखी दिसायची, फक्त कुणी झाकण उघडायचं नव्हतं.

एवढं करूनही क्लिफर्डना झोप येईना. तंबू फाटला तर? वीज गेली तर? अखेर त्यांनी बॅटरीच काढून घरात आणली आणि गरम पाण्याच्या टाकीवरच्या कपाटात ठेवली. घरातली सगळ्यात उबदार, सगळ्यात कोरडी जागा. तिथे बेरिलबाईंचे टॉवेल असायचे. ते बाहेर आले.

"माझे टॉवेल दमट लागतायत," बेरिलबाई म्हणाल्या.

"टॉवेलला दमट चालतं गं."

बेरिलबाईंनी मग विणायच्या सुया काढल्या आणि बॅटरीला टोपीसकट स्वेटर विणला. त्यांनी तो चेष्टेने विणला होता, असं माझं ठाम मत आहे. क्लिफर्डना मात्र भरून आलं. थ्वेट खास बघायला आले आणि विणीचा नमुना गाडीच्या काळाशी जुळतो, असा अनुकूल अभिप्राय देऊन गेले.

एकच अडचण उरली. ऑगस्टच्या जिल्हा प्रदर्शनात रिकामा पिंजरा दिसला तर गुण जाणार. खरी बॅटरी तर बाहेर नेता येणार नाही. यावर क्लिफर्डनी जो तोडगा काढला त्याचा मंडळाला आजही अभिमान आहे. त्यांनी ओक लाकडाची हुबेहूब बॅटरी बनवली, काळी रंगवली आणि जुन्या पलंगाचे पितळी गोळे तिला टोकं म्हणून लावले. गाडी ट्रेलरवर चढवून, कोरियन बनावटीच्या साध्या गाडीने ओढत, प्रदर्शनात नेली. ती साधी गाडी अख्ख्या रस्त्यात पावसात भिजली आणि तिला काही झालं नाही.

थ्वेटांनी आरसा आत घातला. "डाग नाही. बुरशी नाही. ओल नाही," ते पुटपुटले. "माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी निरोगी बॅटरी पाहिली नाही." पूर्ण गुण. क्लिफर्डना चषक मिळाला. ती लाकडाची आहे हे थ्वेटांना माहीत होतं का, असं मला विचारू नका. ठरावात लाकडाविरुद्ध काही नव्हतं.

मग सप्टेंबरातला तो दिवस आला. मी फुलं घेऊन अॅक्रॉइडांकडे गेलो होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. तंबूची चेन उघडलेली होती. बेरिलबाईंनी मधुचंद्राला बांधला होता तोच निळा रुमाल डोक्याला बांधला होता. गाडीच्या दाराला धरून, एक पाय, मग मोठा श्वास, मग दुसरा पाय, असं करत त्या आसनावर उतरल्या. चेहरा वेदनेनं वाकडा झाला होता, आणि बसल्यावर त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

"चल, क्लिफर्ड. चालव."

क्लिफर्डनी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. मग त्यांच्या लक्षात आलं की आत लाकूड आहे. ते धावत घरात गेले आणि स्वेटर घातलेली बॅटरी पोटाशी धरून बाहेर आले. दारातच थांबले. टेकड्यांवर एक ढग होता. मोठा नव्हता, हातरुमालाएवढा.

"चिटणीससाहेब," त्यांनी मला विचारलं, "हा ढग धरायचा का?"

मी नाही म्हणावं, अशी त्यांची फार इच्छा होती, हे मला दिसत होतं. पण मी चिटणीस आहे. "ढग हा ढगच असतो, अॅक्रॉइड," मी म्हणालो. "पुढच्या वर्षीचा चषकही तुमचाच आहे. कशाला धोका घेता?"

क्लिफर्ड बॅटरीकडे बघत राहिले. मग गाडीतून आवाज आला.

"मला हात द्या कुणीतरी. उठता येत नाहीये."

आम्ही दोघांनी धरून त्यांना उठवलं. बऱ्याच वेळाने त्या सरळ उभ्या राहिल्या. मला वाटलं आता रडतील, पण त्यांनी माझ्या हातातली फुलं घेतली, पर्स घेतली आणि कोपऱ्यावरच्या बसथांब्याकडे चालू लागल्या.

"बेरिल, कुठे निघालीस? पाऊस येईल!"

"येऊ दे की," त्या मागे न बघता म्हणाल्या. "मी मूळचीच आहे."

त्या फाइलीला गेल्या. समुद्राकाठच्या बाकावर बसून कागदातले मासे आणि चिप्स खाल्ले. संध्याकाळी परत आल्या तेव्हा नखशिखान्त भिजल्या होत्या आणि गात होत्या. अंग पुसायला त्यांनी टॉवेल मागितला तेव्हा क्लिफर्डनी दमटच दिला, कारण दुसरा नव्हता. या आठवड्यात डॉक्टरांनी गुडघ्यांबद्दल सांगितलं की इतक्या खाली बसणं आता विसरा. क्लिफर्ड रोज तंबूपाशी खुर्ची टाकून बसतात. कुणाशी फारसं बोलत नाहीत. मंडळाच्या दृष्टीने ही निष्ठा आहे.

काही वाचकांना या सगळ्याचं हसू येत असेल. त्यांना कळवण्यात येतं की, यंदापासून मंडळाचं सभासदत्व गाडी नसलेल्यांनाही खुलं आहे. घरात एक तरी चांगली वस्तू अशी हवी, जी चांगल्या दिवसासाठी राखून ठेवली आहे. काचेच्या कपाटातल्या कपबश्या चालतील. घडी न मोडलेली साडी चालेल. ती कुणासाठी राखून ठेवली आहे ते सांगायची गरज नाही, आणि त्या माणसाच्या गुडघ्यांची चौकशी आम्ही करत नाही.