कूलरचे चार हप्ते

अकोल्यात घेतलेल्या कूलरचे शेवटचे चार हप्ते भरायचे नाहीत, असं मी सहा वर्षांपूर्वी ठरवलं. तत्त्वाचा प्रश्न होता. भर मे महिन्यात कूलर नुसता गुरगुरायचा, हवा गरमच. दुकानदार बुधाजी तीनदा ‘मिस्त्री पाठवतो’ म्हणाला, मिस्त्री काही आला नाही. म्हटलं, आता बुधाजीला इंगा दाखवायचाच. (माझ्याजवळ दाखवण्यासारखं तेवढंच होतं.) पुढे माझी अमरावतीला बदली झाली, कूलर भंगारात गेला आणि अनोळखी नंबरचे फोन उचलणं मी सोडून दिलं.

यंदा राजापेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांना कंटाळून आम्ही आयुष्यातला पहिला फ्लॅट घ्यायला निघालो. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क, बायको ज्योत्स्ना महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. बिल्डरला एकावन्न हजार टोकन दिलं. महिन्याभरात कर्ज मंजूर झालं नाही, तर टोकन बुडणार होतं.

बँकेतल्या पौर्णिमा मॅडम बराच वेळ स्क्रीनकडे बघत होत्या.

“सर, तुमच्या नावावर थकबाकी आहे. सिबिल स्कोअर फारच खाली गेलाय.”

“ते कूलरचं असेल. तो चालतच नव्हता, मॅडम.”

“चालत होता की नव्हता, ते इथं दिसत नाही. थकलेलं तेवढं दिसतं.”

ज्योत्स्ना माझ्याकडे वळली. “काहून हो? तुमी त मले सांगतलं होतं, बुधाजीनं हप्ते माफ केले मनून!”

(सांगितलं होतं खरं.)

दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटीनं अकोला गाठलं. बुधाजीनं ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मी पाकीट पुढे सरकवलं.

“बुधाजी, नवीन घर घेतोय. झालं गेलं विसरून जा. हे तुमचे पाच हजार सहाशे.”

“कायचे?”

“कूलरचे. सहा वर्षं अडवून ठेवले तुमचे.”

“देवमनभाऊ, माहे पैसे त फायनान्स कंपनीनं चौथ्याच दिवशी देल्ले. तुमी कोनाशी भांडून राहिले होते?”

सहा वर्षं ज्याला धडा शिकवत होतो, त्याला पत्ताच नव्हता. वर तो म्हणाला, “नवीन घरासाठी एसी पायजे असंन त सांगजा. हप्त्यानं देतो.”

फायनान्स कंपनीच्या ऑफिसात दंड-व्याज धरून नऊ हजार निघाले. इथं मात्र माझ्यातला क्लार्क जागा झाला. दोन तास घासाघीस करून चार हजारांत मिटवलं आणि जिंकून आल्यासारखा घरी आलो. ज्योत्स्नाही म्हणाली, “चला, एक काम त धड केलं.”

चार दिवसांनी पौर्णिमा मॅडमनी तडजोडीचा कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“सर, हे ‘सेटल्ड’ आहे. म्हणजे माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत. ‘क्लोज्ड’ पाहिजे होतं. उरलेले पाच हजार भरा आणि ना-देय प्रमाणपत्र आणा.”

पुन्हा रजा, पुन्हा एसटी. फायनान्स कंपनीतला माणूस माझ्याकडे आदरानं बघत म्हणाला, “साहेब, सूट वापस करायले आलेला मानूस मी पयल्यांदाच पाहून राहिलो.”

प्रमाणपत्र मिळालं. पण रेकॉर्ड सुधारायला महिना-दीड महिना लागणार होता, आणि टोकनची मुदत आठ दिवसांवर आली होती.

“एक मार्ग आहे,” पौर्णिमा मॅडम म्हणाल्या. “कर्ज एकट्या मॅडमच्या नावावर करू. सरांचं नाव कुठंच नको.”

एकटीच्या पगारावर कर्ज कमी मिळणार होतं; उरलेली रक्कम ज्योत्स्नानं भविष्य निर्वाह निधीतून काढायचं ठरवलं आणि फॉर्म भरायला घेतला. मी बाजूला बसून होतो. अर्जदार नाही, सहअर्जदार नाही. शेवटी न राहवून म्हणालो, “कुठंतरी तर माझं नाव टाक.”

तिला दया आली असावी. ‘अवलंबून असलेल्या व्यक्ती’ या रकान्यात तिनं आमच्या दोन्ही मुलांच्या मागे मलाही लिहिलं: शुभंकर, देवश्री, देवमन.

पौर्णिमा मॅडमनी फॉर्म पाहिला. “मॅडम, तिघे अवलंबून दाखवले तर कर्ज कमी बसेल. एक नाव काढता येईल का?”

ज्योत्स्नाला विचार करायला वेळ लागला नाही. पर्समधून पट्टी काढून तिनं तिसऱ्या नावावर सरळ रेघ मारली.