चित्रातल्या माणसांचं पुरं नाव

आमच्या ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबानं हिंदुस्थानभर भटकून लिहिलेलं, पानोपानी बारीक रेघांची चित्रं असलेलं. त्यात एका पानावर पाठीवर पोतं घेतलेला माणूस आहे आणि खाली ‘हमाल’ अशा अर्थाचा एवढा एकच शब्द छापलेला आहे. एके दिवशी मी ते पान उघडलं, तर त्या शब्दाखाली पेन्सिलीनं, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: ‘बकारामजी लाडूजी मेश्राम, मु. कारधा.’

मी चाट पडलो. घाईघाईनं पुढची पानं उलटली. जात्यावर दळणारी बाई ‘सीताबाई उकाजी’ झाली होती. रस्त्यावर गिट्टी फोडणारा ‘सोमाजी झिबल’ होता. सगळ्यांची नावं, वडिलांची नावं, गावं. जणू साहेब कलकत्ता, मद्रास वगैरे कुठे गेलाच नव्हता, सगळा मुक्काम त्यानं वैनगंगेच्या काठीच ठोकला होता.

मी इथला ग्रंथपाल, ही करामत कोणाची हे शोधायची मला गरज नव्हती. त्या पुस्तकाला आमच्याकडे एकच वाचक होता. देवाजी रामटेके, आम्हा सगळ्यांचे काका. वरठीकडच्या एका कारखान्यात जन्मभर फिटर होते, निवृत्त झाल्यावर कारध्याहून पूल ओलांडून रोज सायकलनं भंडाऱ्याला येऊ लागले. गोंदिया वेगळा होऊन थोडी वर्षं झाली होती, जिल्ह्याच्या वाटणीच्या गप्पा अजून आमच्या वाचन कक्षात चालायच्या. काका त्यात कधी पडले नाहीत. कानावर पेन्सिल, खिशात भिंग. पुस्तक मागण्याआधी नळावर साबणानं हात धुणार, रुमालाला पुसणार आणि मग त्या स्वच्छ हातांनी पुस्तकाची अशी वाट लावणार.

“काका, हे काय केलंत?” मी विचारलं.

“अधुरं होतं, पुरं केलं.”

“अहो, पुस्तक ग्रंथालयाचं आहे.”

“पुस्तक तुमचंच आहे साहेब. मानसं आमची आहेत.”

मग त्यांनी मला एक पान काढून दिलं. त्यावर साहेबाची घोडी होती. “इथं काय लिवलं? वाचा.” मी वाचलं. घोडीचं नाव रुबी होतं. काकांनी भिंग खाली ठेवलं. “घोडीचं नाव ठाव होतं त्याले. ओझं उचलनाऱ्याचं नाव इचारलं असतं तं तोंड दुखलं असतं काय?”

“पण हे बकारामजी कशावरून? पुस्तक छापलं तेव्हा त्यांचे वडीलही जन्मले नसतील.”

“खांदा पाहा. डावा उतरला आहे. आमच्या बकारामजीचा असाच होता. तुमसरच्या राईस मिलमधे जनमभर तांदळाचे बोरे पाठीवर उचलले. फोटो एक नाही. मालक लोकं त्याले बकाऱ्या म्हनत. बकारामजी म्हननारा कोनी नव्हता. पुस्तकात तरी पुरं नाव पायजे.”

मी कपाटाची किल्ली उगाच इकडून तिकडे ठेवली.

मात्र नाव मिळणं सोपं नव्हतं. त्याआधी चित्रातल्या माणसाची परीक्षा व्हायची. आमच्याकडे जुन्या सचित्र इंग्रजी कादंबऱ्यांचीही एक रांग आहे. काका त्या भिंगाखाली धरत आणि चित्रातला माणूस खरोखर काम करतो आहे की नाही ते तपासत. एक लोहार घण उगारून उभा होता. दंड असे, छाती अशी, की मी कौतुकानं बघत राहिलो. काका म्हणाले, “हा दुसऱ्या घावात सोताचा गुडघा फोडते. काम करून नाही राहिला, फोटो काढून राहिला.” एका चित्रात गरीब बाई शिवता शिवता खिडकीबाहेर बघत होती. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेला माणूस. मी त्यांना त्या बाईचं दारिद्र्य, तिचा एकाकीपणा, चित्रकाराची सहानुभूती असं बरंच काही समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बाहेर पायली तं सुई बोटात जाते साहेब. फिटिंग नाही बसत.”

‘फिटिंग नाही बसत’ हा त्यांचा अखेरचा निकाल. कारखान्यात ड्रॉइंग चुकलं की पार्ट बसत नाही, तसंच हे. नापास चित्राखाली ते बारीक अक्षरात ‘फि. ना. ब.’ लिहीत. आमच्या कादंबऱ्यांतले निम्मे कष्टकरी असे फि. ना. ब. होऊन पडले आहेत. खरं सांगतो, मीही त्यानंतर चित्रातल्या चेहऱ्याआधी हात बघायला शिकलो. विद्यापीठात मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

हे सगळं आम्हा दोघांतच राहिलं असतं. पण ग्रंथालयाचे नवे अध्यक्ष हटवार वकील एका पाहुण्याला आमचा जुना ठेवा दाखवायला गेले आणि रुबीच्या शेजारच्या पानावर सोमाजी झिबल निघाले. दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर नोटीस आली: सदर वाचकानं सर्व खुणा स्वतः खोडाव्यात, नाहीतर त्यांचं सदस्यत्व रद्द होईल.

काकांनी नोटीस दोनदा वाचली. “खोडत नाही,” म्हणाले आणि सायकलला टांग मारून गेले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सदस्यत्व गेलं तर ते पुस्तक त्यांना पुन्हा हातात मिळणार नव्हतं. मुलगा पुण्याला, घरी बोलायला कोणी नाही. ही चित्रातली मंडळी हाच त्यांचा गोतावळा. समितीच्या बैठकीत त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं अशी मी वकिलांना गळ घातली, तेव्हा कुठे ते तयार झाले.

बैठकीला काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. हटवार वकिलांनी कोर्टातल्यासारखी उलटतपासणी सुरू केली. एकेक पान उलटून ते विचारत, काका उत्तर देत, आणि प्रत्येक उत्तरागणिक समितीतलं कोणी तरी खाली मान घालून हसू दाबत असे. उलटता उलटता वकील एका पानावर थांबले. एक बाई वाकून धान रोवते आहे, आपल्याकडे पाठ करून. त्या पानाचे कोपरे हाताळून हाताळून मऊ झाले होते. पण खाली नाव नव्हतं. फि. ना. ब. सुद्धा नव्हतं.

“हे काहून सोडलं?” वकील म्हणाले. “तुमच्या गावात रोवनाऱ्या बाया नाहीत?”

काकांनी पानाचा मऊ कोपरा बोटानं सरळ केला. मग म्हणाले, “चित्र चुकलं आहे.”

“काय चुकलं?”

काका उठले. टेबलावरच्या सगळ्यांच्या पेन्सिली त्यांनी गोळा केल्या, पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची जुडी धरावी तशा डाव्या हातात धरल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि वाकले. उजव्या हातानं एकेक पेन्सिल रोवल्यासारखी फरशीवर ठेवत ते मागे मागे सरकू लागले. टेबलापासून निघाले, कपाटाजवळून गेले, दाराला टेकले तेव्हा थांबले. सत्तरीचा माणूस, पण पाठ एकदाही वर उचलली नाही. फरशीवर पेन्सिलींची रांग सरळ लागली होती.

“रोवनारी बाई मागं मागं येते,” ते म्हणाले. “रोवलेलं तिच्या समोर राहते. या चित्रात रोवलेलं पाठीमागं आहे अन् बाई पुढं चालली. म्हनजे रोवलेलं तुडवतच गेली.”

वकिलांच्या घरची धानाची शेती. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं, पावलं पाहिली आणि ते मोकळेपणानं हसले. “बराबर आहे बा. पन मंग याच्याखाली तुमचं ते फि. ना. ब. काहून नाही लिवलं?”

काका खुर्चीवर बसले. पँट खाली करायचं विसरले होते.

“लिववलं नाही,” ते म्हणाले. “मी लहान होतो. माय रोवन्याले जाये अन् मले वावराच्या काठाले, धुऱ्यावर बसवे. धुऱ्यावरून मले तिची पाठच दिसे. ती रोवत रोवत मागं मागं माह्याकडे येत राहे. दिवसभर पाठ जवळ जवळ येत राहे. धुऱ्यापाशी आली का वळे, अन् मले उचलून घेये. मी पाच वर्साचा असतानी ती गेली. तिचा चेहरा मले आठवत नाही साहेब. पाठ आठवते. हे पाठ तिचीच आहे. पन या साहेबानं तिले तिकडे चालवलं, पोरापासून दूर.”

मी फरशीवरच्या पेन्सिली गोळा करायला उठलो होतो, त्या तशाच राहू दिल्या.

हटवार वकिलांनी विचारलं, “नाव काय होतं मायचं?”

“भागाबाई. भागाबाई गनूजी रामटेके.”

वकिलांनी पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं, आपलं पेन उघडून वर ठेवलं. “लिवा. समितीची परवानगी आहे.”

काकांनी पेन उचललं. क्षणभर वाटलं, लिहितील. पण त्यांनी त्याचं टोपण लावलं आणि ते दोन्ही हातांनी वकिलांना परत दिलं.

“नाही साहेब. चुकलेल्या चित्राले मी मायचं नाव देत नाही.”

त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला, जणू माझ्या घरातलंच कोणी बोललं होतं. त्या दिवसाचं इतिवृत्त मी लिहिलं. ‘सदर नावे यापुढे पुस्तकाचा भाग समजण्यात यावीत,’ असं त्यात लिहून मी पुढे केलं, आणि वकिलांनी न वाचता सही केली.

काका अजून रोज येतात. कुठून जुन्या चित्रांचं पुस्तक आलं की मी नोंद करण्याआधी ते चाळतो, धान रोवणाऱ्या बाया शोधतो आणि आधी त्यांची पावलं बघतो. आतापर्यंत सगळ्या पुढेच चालल्या आहेत.