कडब्याचा घुमट

आमच्या गावचे दौलतनाना माझ्या कडब्याच्या गंजीला घुमट म्हणत. नुसते म्हणून थांबत नसत. रोज सकाळी गंजी किती खचली ते बघून जात, आणि माझ्या बैलांकडे असे रोखून पाहत की बैल खायचे थांबत.

"वरनं वढू नगंस गड्या. घुमट उतरला तर शहर वळखायचं कसं?"

शहर म्हणजे इटलीतले फ्लॉरेन्स. नाना दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर तिथे होते. परतले ते शहर घेऊनच, आणि तासगावच्या अलीकडच्या आमच्या एवढ्याशा गावात त्यांनी ते मांडून टाकले. देवळाची दीपमाळ हा मोठ्या चर्चचा घंटेचा मनोरा. शेजारची माझी गोल गंजी हा त्याचा तांबड्या कौलांचा घुमट. चावडी म्हणजे उंच बुरुजाचा राजवाडा आणि ओढा ओलांडायची ठेंगणी दगडी फरशी म्हणजे जुना पूल. "बाकीचं समदं पूल जर्मननं उडवलं, ह्यो तेवढा ठेवला. वर दोनी अंगाला सोनारांची दुकानं." आमच्या फरशीवर बायका धुणी धुवत. त्यांनाही नाना सांगत, "सोनाराच्या दारात पानी सांडू नगासा."

फरशीवर कोणी गाडी सोडली की नानांचा जीव टांगणीला लागे. आम्ही हसायचो. उन्हाळ्यात वैरण संपत आली आणि नानांची झोप उडाली. "किती दिस पुरंल रं?" एवढेच विचारत. एकदा तर स्वतःच्या शेळीचा पाला माझ्या बैलांपुढे टाकून गेले.

कारण मला उशिरा कळले. नानांबरोबर भरती झालेला भिवा तिकडेच राहिला. जुन्या पुलापलीकडे, नदीकाठी, नानांनीच त्याला अग्नी दिला होता. त्याची आई तान्हाबाई डोळ्यांनी अधू. मला पोराकडे ने, म्हणून ती हट्ट धरून बसली, तेव्हापासून नाना तिला रोज नेत. मनोऱ्यापासून निघायचे, घुमटाला हात लावत वळायचे, राजवाड्यावरून पुलावर. पलीकडे बाभळीखाली ती फूल ठेवी. घुमटच गेला तर म्हातारीची वाट मोडेल, ही नानांची धास्ती होती. मला ती भीती खुळी वाटली नाही. पण बैलांना उपाशी कसे ठेवणार?

शेवटची पेंढी मी बैलांना टाकली त्या दिवशी जागेवर नुसती गोल काळी जमीन उरली. नाना देवळाच्या पायरीवर बसून राहिले. "काय सांगू तिला? शहर पडलं म्हनू?"

तान्हाबाई काठी टेकत आली. तिने हात पुढे केला. हाताला काही लागले नाही.

"मावशे, डागडुजी चाललीया," नाना घाईने म्हणाले.

"बैलांनी खाल्ला की. मला का म्हाईत न्हाई, दौल्या?"

एवढे बोलून ती त्या मोकळ्या जागेला नेहमीसारखा वळसा घालून पुढे गेली. चावडीपाशी थांबली आणि तिने मागे हात केला.

"चल. भिवाकडं एकट्यानं जायला तुला हुत न्हाई, म्हनून येती मी रोज."

नाना उठले आणि घुमटाला वळसा घालून तिच्या मागे गेले.